विक्रोळीचे गोदरेज कांदळवन : खासगी जमिनीवरच्या जंगलातील एका फेरीचे परीक्षण

मुंबईत निसर्ग पाहायला जायचे म्हटले की बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, शिवडीची जेट्टी आणि अलीकडे ऐरोलीहून सुटणारी फ्लेमिंगो दाखवणारी बोट हीच नावे पुढे येतात. विक्रोळी पूर्वेला, पूर्व द्रुतगती महामार्ग ओलांडल्यावर ठाणे खाडीच्या पश्चिम काठाने पसरलेले गोदरेजचे कांदळवन, म्हणजे खारफुटीचे (मॅन्ग्रोव्हचे) जंगल, या नावांमध्ये सहसा नसते. हे वन सरकारी नाही. ते गोदरेज अँड बॉइस या कंपनीच्या मालकीच्या जमिनीवर आहे आणि तिथे तिकीट काढून आत शिरता येत नाही. शाळा, महाविद्यालये, निसर्गमंडळे आणि अभ्यासक यांनी आधी परवानगी घ्यायची आणि मार्गदर्शकाबरोबर गटाने फिरायचे, अशी तिथली रीत आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते आणि अकरावी-बारावीच्या मुलांना घेऊन या फेरीला गेले आहे. फेरीत काय मिळते, ती कोणी करावी आणि एका मोठ्या कंपनीने स्वतःच्या जमिनीवर राखलेल्या जैवविविधतेकडे पाहुण्याने कोणत्या नजरेने पाहावे, याविषयी मला इथे सविस्तर लिहायचे आहे.

आधी या जागेचा आवाका सांगायला हवा. पिरोजशा गोदरेज यांनी विक्रोळीची ही विस्तीर्ण जमीन १९४० च्या दशकात घेतली, ती कुलुपे, तिजोऱ्या आणि कपाटे तयार करणारा कारखाना लालबागच्या दाटीतून मोकळ्या जागी हलवता यावा म्हणून. कारखाने आणि कामगारांच्या वसाहती महामार्गाच्या पश्चिमेला वाढल्या आणि खाडीकडचा दलदलीचा पट्टा कांदळांकडे राहिला. आज कंपनीच्या विक्रोळीतील सुमारे ३,४०० एकर जमिनीपैकी सुमारे १,७५० एकर, म्हणजे जवळपास ७०० हेक्टर, कांदळवन आहे. हा आकडा केवढा मोठा आहे हे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याशी तुलना केल्यावर कळते. राज्य सरकारने २०१५ मध्ये घोषित केलेल्या आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेल्या त्या अभयारण्यातले कांदळवनाचे क्षेत्र ८९६ हेक्टर आहे. याचा अर्थ असा की एका खाडीच्या काठावर एक कंपनी जेवढे कांदळवन सांभाळते, ते सरकारच्या अख्ख्या अभयारण्यातल्या कांदळवनाच्या तीनचतुर्थांशांहून अधिक भरते. ज्या शहरात एका खोलीच्या जागेसाठी माणसाची निम्मी कमाई खर्ची पडते, त्या शहरात ही गोष्ट साधी नाही.

फेरीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ती मुलांना ‘काहीतरी दाखवण्याच्या’ खटाटोपात पडत नाही. वाघ, बिबट्या किंवा रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे थवे यांची आशा घेऊन आलेला माणूस इथे पहिली काही मिनिटे निराश होण्याची शक्यता आहे, कारण समोर दिसतो तो चिखल, आणि त्या चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी जाड, करड्या रंगाची असंख्य टोके. ही तिवर या खारफुटीच्या झाडाची श्वसनमुळे. भरतीच्या पाण्याखाली राहणाऱ्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून तिवराची मुळे खाली जाण्याऐवजी वर येतात आणि ओहोटीच्या तासांत हवा घेतात. पाठ्यपुस्तकात हे वाक्य एका ओळीचे आहे. इथे मात्र मुले खाली वाकून त्या टोकांवरची बारीक छिद्रे पाहतात आणि मगच विचारतात की यावर भराव टाकला तर काय होईल. उत्तर त्यांना स्वतःलाच सापडते: झाडावर कुऱ्हाड चालवायची गरजच नाही, मुळांवर हातभर माती पडली की झाड गुदमरून मरते. मुंबईतली कितीतरी कांदळवने अशीच, एकही झाड न तोडता, डेब्रिजच्या ट्रकांनी संपवलेली आहेत, आणि एखाद्या सतरा वर्षांच्या मुलाला ही युक्ती कळणे मी त्याच्या शिक्षणाचा महत्त्वाचा भाग मानते.

तिवराचे एक पान तोडून उलटे केले की खालची बाजू फिकट, रुपेरी दिसते, आणि उन्हाच्या दिवशी पानावर मिठाचे बारीक कण चमकतात. जिभेला लावले तर खारट लागते. मुळांनी बरेचसे मीठ बाहेरच अडवूनही जे आत येते, ते हे झाड पानांतल्या क्षारग्रंथींतून बाहेर टाकते. कांदळ नावाने ओळखल्या जाणाऱ्या ऱ्हायझोफोराचा मार्ग वेगळा आहे. त्याच्या मुळांची गाळणी अधिक कडक असते, खोडातून कमानीसारखी फुटलेली आधारमुळे त्याला चिखलात उभे ठेवतात, आणि त्याचे बी झाडावर असतानाच रुजून लांब हिरव्या शेंगेसारखे लोंबू लागते. ती शेंग खाली पडली की चिखलात उभी रुतते किंवा पाण्याबरोबर वाहून दुसरीकडे मूळ धरते. चिप्पीची श्वसनमुळे तिवरापेक्षा जाड आणि शंकूसारखी असतात. तिच्यातल्या पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवृक्षाचा दर्जा दिला, आणि असा दर्जा देणारे ते देशातले पहिले राज्य ठरले. काटेरी पानांची, जांभळ्या फुलांची मारांडी काठाकाठाने दिसते. जिथे जमीन थोडी उंच होते तिथे पिलूची झुडपे लागतात, ज्याच्या काड्या मिसवाक म्हणून दात घासायला वापरतात, आणि सामन अरब या लहान फुलपाखराच्या अळ्या याच पानांवर वाढतात. एका झुडपाशी बांधलेले एक फुलपाखरू दाखवून जैवविविधता समजावणे, दोनशे नावांचा तक्ता भिंतीवर लावण्यापेक्षा कितीतरी परिणामकारक ठरते.

ओहोटीच्या वेळी चिखल जिवंत होतो. निवटे, म्हणजे पाण्याबाहेर चिखलावर सरपटणारे आणि उड्या मारणारे मासे, ओल्या त्वचेतून श्वास घेत फिरतात. नर आपल्या पाठीचा पर उभारून हद्द सांगतो. एक नांगी भलतीच मोठी असलेले नर खेकडे ती नांगी वर-खाली हलवत माद्यांना बोलावतात आणि पावलांची चाहूल लागताच एकदम बिळात जातात. दोन-तीन मिनिटे स्तब्ध उभे राहिले की पुन्हा एकेक करून बाहेर येतात. एरवी एका जागी स्थिर न राहणारी मुले या खेकड्यांसाठी मात्र श्वास रोखून उभी राहतात, हे मी पाहिले आहे. मार्गदर्शकाने इथे थांबून बिळांचे काम सांगितले, ते मला विशेष आवडले. खेकड्यांची बिळे चिखलात हवा आणि पाणी खेळते ठेवतात, खेकडे गळालेली पाने बिळात ओढून नेतात, ती पाने कुजतात, त्या कुजक्या भागावर कोळंबी आणि लहान मासळी पोसली जाते, आणि त्या मासळीवर बोयपासून जिताड्यापर्यंतचे मासे, बगळे, खंडे आणि शेवटी खाडीकाठचा कोळी. ही साखळी फळ्यावर बाण काढून शिकवताना मला कधीही इतकी पटलेली दिसली नव्हती.

कंपनीच्या नोंदींप्रमाणे इथे कांदळ आणि त्यांच्या सोबतीने वाढणाऱ्या वनस्पती मिळून १६ प्रकार, पक्ष्यांच्या २०० हून अधिक आणि फुलपाखरांच्या ८० हून अधिक जाती आहेत. कोल्हाही इथला रहिवासी आहे. मुंबईच्या खाड्यांचे कोल्हे खेकड्यांवर जगतात आणि अधूनमधून कन्नमवारनगरसारख्या लगतच्या वस्त्यांपर्यंत येतात. शहरातल्या बहुतेकांना हे जनावर बातमीत दिसले की धक्का बसतो, पण त्याचे घर तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

आता फेरीतल्या त्या भागाकडे येते, ज्यामुळे मी ही जागा इतर निसर्गकेंद्रांहून वेगळी मानते. कांदळवन राखणे म्हणजे झाडे लावणे, असा आपला समज वर्तमानपत्रांतल्या वृक्षारोपणाच्या छायाचित्रांनी पक्का केलेला आहे. प्रत्यक्षात कांदळवन राखणे म्हणजे पाणी राखणे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती वनाच्या आतल्या टोकापर्यंत पोहोचते, तर अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या भरतीला आतला पट्टा कोरडाच राहतो. आत शिरणारे हे पाणी बारीक-मोठ्या नैसर्गिक नाल्यांतून जाते, आणि त्याच नाल्यांतून परत फिरते. एखादा नाला गाळाने, कचऱ्याने किंवा एखाद्या बांधाने अडला की आत गेलेले पाणी तुंबून राहते किंवा मुळात पोहोचतच नाही. पहिल्या स्थितीत मुळे गुदमरतात, दुसऱ्या स्थितीत जमिनीत मीठ साचते आणि झाडे गुडघ्याएवढी खुरटी राहतात. वनाच्या दोन भागांतल्या झाडांच्या उंचीत जो फरक डोळ्यांना दिसतो, त्याचे कारण बहुधा पाण्याच्या वाटेत असते. म्हणून या फेरीला जाणाऱ्यांना माझी सूचना अशी आहे की मार्गदर्शकाला जातींची संख्या विचारण्याऐवजी नाल्यांबद्दल विचारावे: भरतीचे पाणी कुठून येते, कुठे अडते, अडले तर काय करतात. त्या प्रश्नानंतर संभाषणाला जी खोली येते ती माहितीफलकांवरून कधी येत नाही.

पहारा, नाल्यांची देखभाल, रोपवाटिका, अभ्यासकांना दिलेली वाट आणि शाळांसाठीचे शिक्षण, अशा नित्याच्या कामांनी हे वन उभे आहे. सुनाबाई पिरोजशा गोदरेज सागरी परिस्थितिकी केंद्राची स्थापना १९८५ मध्ये झाली आणि तेव्हापासून संशोधन, संवर्धन व लोकशिक्षण या तीन अंगांनी इथे काम चालते. १९९७ मध्ये या कांदळवनाच्या व्यवस्थापनाला आयएसओ १४००१ हे पर्यावरण व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र मिळाले. प्रमाणपत्रांचे मला फारसे अप्रूप नाही, तरी त्याचा एक अर्थ महत्त्वाचा आहे. कारखान्यातल्या यंत्राची जशी देखभाल-नोंद ठेवतात, तशी नोंद जंगलाचीही ठेवावी लागते, आणि ती बाहेरचा परीक्षक येऊन तपासतो. उद्योगाची शिस्त निसर्गाच्या कामी येण्याचे हे एक चांगले उदाहरण आहे.

या सगळ्याचे श्रेय कंपनीला किती द्यावे, हा प्रश्न माझ्या वर्गातली मुले दरवेळी विचारतात आणि तो योग्यच आहे. त्यांचा मुद्दा असा असतो की कांदळवनात बांधकाम करायला कायद्यानेच बंदी आहे, मग न बांधण्यात मोठेपणा कसला? मला वाटते, याचे उत्तर काळाचे दोन भाग करून द्यावे लागते. किनारपट्टी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ ची आहे. मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या नाशावर सरसकट बंदी घातली ती ऑक्टोबर २००५ मध्ये, म्हणजे २६ जुलैच्या महापुरानंतर. आणि जमीन कोणाच्याही मालकीची असली तरी ही बंदी लागू आहे. सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने ती कायम झाली. यापूर्वीच्या चार-पाच दशकांत मात्र खाजणावर भराव घालणे हा विकासाचा राजमार्ग मानला जाई. मिठीच्या मुखाजवळचे वांद्रे-कुर्ला संकुल याच मार्गाने उभे राहिले आणि पश्चिम उपनगरांतल्या कितीतरी वसाहतीही. त्याच काळात विक्रोळीच्या मालकाला आपल्या खाजणावर भराव घालण्यापासून रोखणारे कोणी नव्हते, आणि तरीही तो घातला गेला नाही. सोहराबजी गोदरेज हे जागतिक वन्यजीव निधीच्या भारतातल्या कामाच्या आघाडीवर होते आणि पुढे जमशेद गोदरेज यांनीही त्या संस्थेचे अध्यक्षपद सांभाळले, हे पाहता त्या न घातलेल्या भरावामागे निव्वळ आळस नव्हता, विचार होता, असे मी मानते. तेवढे श्रेय निःसंकोच द्यावे.

२००५ नंतरचा हिशेब वेगळा आहे. आता न तोडणे हे कर्तव्य आहे आणि त्याबद्दल टाळ्या वाजवण्याचे कारण नाही. आता कंपनीचे मूल्यमापन कायद्याने सांगितलेल्यापेक्षा ती अधिक काय करते यावर व्हायला हवे. पहारा आणि नालेदुरुस्ती यांचा खर्च, अभ्यासकांना दिलेली वाट आणि शाळकरी मुलांना दिलेले हे तास त्या ‘अधिक’मध्ये मोडतात, म्हणून मी या फेरीला एवढे महत्त्व देते. कंपनीच्या जाहिरातीतले हिरवे पान मला काही सांगत नाही, पण एखादा मार्गदर्शक तीस मुलांना खेकड्याच्या बिळापाशी दहा मिनिटे थांबवतो तेव्हा त्या कंपनीने कुठे पैसे खर्च केले आहेत ते कळते.

काठाचा प्रश्न मात्र फेरीत अधिक स्पष्टपणे यायला हवा. उधाणाची भरती ओसरली की तिवराच्या श्वसनमुळांत अडकलेले प्लास्टिक उघडे पडते: दुधाच्या पिशव्या, थर्माकोलचे तुकडे, चपला, गुटख्याची पाकिटे, निर्माल्याच्या पिशव्या. हा कचरा या जमिनीवर तयार झालेला नाही. ठाण्यापासून वाशीपर्यंत दोन्ही काठांवर राहणाऱ्या आपण सर्वांनी तो खाडीत सोडलेला आहे आणि भरतीने तो इथे आणून ठेवलेला आहे. सांडपाण्याचेही तसेच. तिवर हे झाड प्रदूषण आणि खारेपणा दोन्ही सोसते, म्हणूनच मुंबईच्या खाड्यांत ते सर्वत्र दिसते आणि त्याहून नाजूक जाती विरळ होत जातात. हिरवा पट्टा तेवढाच दिसत असूनही आतली विविधता कमी होऊ शकते, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगायला हवी. कुंपण मालकाच्या हद्दीपर्यंत असते, पाणी आणि पक्षी ते मानत नाहीत. मे २०२४ मध्ये शेजारच्या घाटकोपरात विमानाची धडक बसून ३९ रोहित पक्षी मेले, तेव्हा हे सगळ्या शहराला दिसले.

कायद्याचीही एक बाजू इथे नोंदवते, कारण ती खासगी जमिनीशी थेट निगडित आहे. किनारपट्टी नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेत १,००० चौरस मीटरहून मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा संरक्षक पट्टा ठेवायला सांगितले आहे, मात्र खासगी जमिनीवरच्या कांदळवनाला असा पट्टा लागणार नाही असेही त्यात म्हटले आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे महाराष्ट्रात ५० मीटरचे संरक्षण टिकून आहे, पण केंद्राच्या नियमातली ही सवलत मला अत्यंत चुकीची वाटते. झाडाला पाणी पोहोचवणारी वाट सातबाऱ्यावरचे नाव पाहून वाहत नाही. शिवाय वनाच्या पाठीमागची जमीन जेव्हा कोट्यवधींची होते, तेव्हा तिथला प्रत्येक रस्ता, प्रत्येक गटार आणि प्रत्येक तळघर वनाच्या पाण्यावर परिणाम करते. गोदरेजच्या वनाची खरी कसोटी पुढच्या काही दशकांत या पाठीमागच्या जमिनीवर लागेल, आणि फेरीत त्याविषयी मोकळेपणाने बोलले गेले तर तिचे मोल वाढेल.

मालकी बदलली तर काय, हाही प्रश्न उरतो. एप्रिल २०२४ मध्ये गोदरेज कुटुंबाची वाटणी जाहीर झाली आणि विक्रोळीची जमीन गोदरेज अँड बॉइससह जमशेद गोदरेज यांच्या नेतृत्वाखालील समूहाकडे राहिली. वनाच्या दृष्टीने ही दिलासा देणारी गोष्ट आहे. तरीही एका कुटुंबाच्या संस्कारांवर ७०० हेक्टर वनाचे भवितव्य सोडणे धोक्याचे आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने ‘समुदाय राखीव क्षेत्र’ ही तरतूद आली, ज्यात खासगी जमिनीचा मालक स्वेच्छेने पुढे येऊन आपली जमीन राखीव म्हणून घोषित करवून घेऊ शकतो. पण कलमाची भाषा व्यक्ती आणि समुदाय यांच्यापुरती आहे, कंपनीचा त्यात उल्लेख नाही. डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियल येथे जगातल्या देशांनी २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र संरक्षित करण्याचे उद्दिष्ट मान्य केले, आणि अभयारण्यांबाहेरची पण प्रत्यक्षात राखली जाणारी क्षेत्रेही त्यात धरायची असे ठरले. विक्रोळीसारख्या जागा त्या गणनेत याव्यात, पण त्यासाठी मालकाचा शब्द पुरेसा नाही, कागदावरचे आणि पिढ्यांनंतरही मोडता न येणारे बंधन हवे. सार्वजनिक प्रकल्पांपुढे खासगी मालकीचे बळ किती टिकते हेही आपण पाहिले आहे. बुलेट ट्रेनसाठी कंपनीची विक्रोळीतील ३९,२५२ चौरस मीटर जमीन सरकारने संपादित केली आणि त्याविरुद्धची याचिका उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये फेटाळली. तो वाद कांदळांचा नव्हता, संपादनाचा आणि मोबदल्याचा होता. परंतु त्याच प्रकल्पासाठी मुंबई, ठाणे आणि पालघर भागातले सुमारे २२ हजार कांदळ तोडायला न्यायालयाने त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली होती.

ऐरोलीच्या बोटफेरीशी तुलना करायची तर दोन्हींचे उद्देश वेगळे आहेत. रोहित पक्षी जवळून पाहायचे असतील, घरी आलेल्या पाहुण्यांना किंवा आजी-आजोबांना घेऊन जायचे असेल, तर हिवाळ्याच्या अखेरीस ऐरोलीला जावे. ती सेवा सर्वांना खुली आहे, बसून पाहता येते आणि डोळ्यांचे पारणे फिटते. विक्रोळीची फेरी चालण्याची, वाकून पाहण्याची आणि प्रश्न विचारण्याची आहे. तिथे प्रवेश मर्यादित ठेवलेला आहे आणि एक शिक्षिका म्हणून मला तो तसाच राहावा असे वाटते, कारण रविवारच्या गर्दीची पावले श्वसनमुळांना सोसणार नाहीत. मात्र मर्यादित प्रवेशाचा लाभ कोणाला मिळतो याकडे लक्ष द्यायला हवे. महागड्या शाळांना परवानगीचे पत्र पाठवणे अंगवळणी पडलेले असते. कन्नमवारनगर, टागोरनगर, भांडुप, कांजूरमार्ग इथल्या महापालिकेच्या शाळांना आणि खाडीकाठच्या कोळी-आगरी वस्त्यांतल्या मुलांना तिथे प्राधान्याने बोलावले जावे. ज्यांच्या घरात भरती-ओहोटीचे शब्द अजून बोलले जातात, ती मुले मार्गदर्शकालाही काही शिकवतील.

फेरीच्या आधी कंपनीचे कांदळांवरचे मोफत मोबाइल ॲप मुलांच्या फोनवर घ्यायला सांगावे. ते २०१७ मध्ये आले आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहे. झाड ओळखण्यासाठी ते उपयोगी पडते, परंतु वनात पाऊल टाकल्यावर फोन पिशवीत ठेवायला लावावेत. पानाची खालची बाजू पडद्यावर पाहून खारट लागत नाही.

जायचे ठरवलेच तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले, कारण ऊन सोसवते आणि उत्तरेकडून आलेले स्थलांतरित पक्षी खाडीवर असतात. तारीख मागण्यापूर्वी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे आणि ओहोटी सकाळी असेल असा दिवस निवडावा. पूर्ण भरतीला चिखल, निवटे आणि खेकडे यांपैकी काहीच दिसत नाही. पूर्ण बाह्यांचे, फिकट रंगाचे कपडे, चिखलात निघणार नाहीत असे बूट आणि डासांसाठी मलम जवळ असावे. सहावी-सातवीपेक्षा लहान मुलांना नेऊ नये. त्यांना कंटाळा येतो आणि इतरांचे लक्ष मोडते. पाण्याच्या बाटल्या मोजून आत न्याव्यात आणि मोजून बाहेर आणाव्यात. परवानगीच्या पत्रात मुलांची इयत्ता, संख्या आणि वर्गात नुकताच शिकवलेला धडा यांचा उल्लेख करावा, म्हणजे मार्गदर्शकाला तिथून पुढे सुरुवात करता येते.